टोचलेली लस आणि रक्तातली प्रतिकारशक्ती



पशुवैद्यकांची परिषद सदाशिव पेठेत कशाला, असे काहींनी विचारले. टिळक रस्त्यावरून पेरूगेटापर्यंत पायी गेलात, तर उत्तर मिळेल. वाडे पाडून सोसायट्या उभ्या राहिल्या, गोठे कधीच हलले. आता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लॅब्राडोर असतो आणि खाली दुकानाच्या पायरीशी गल्लीतली चार कुत्री. त्या सगळ्यांचे आरोग्य एकमेकांत गुंतलेले आहे. अशा पेठेत मला अध्यक्षपदाचा मान दिलात, याबद्दल आभार मानते आणि विषयाला हात घालते.

लस टोचणे वेगळे आणि प्रतिकारशक्ती येणे वेगळे. आपण पैसे पहिल्या कामाचे घेतो, जबाबदारी मात्र दुसऱ्याची असते. आज मला एवढेच सांगायचे आहे.

एक प्रश्न इथल्या प्रत्येक डॉक्टरने ऐकला असेल. पिल्लू टेबलावर निपचित पडलेले असते, रक्ताची हगवण लागलेली, सलाइनसाठी शीर सापडत नाही, आणि आजी कार्ड पुढे करून म्हणतात, “अहो डॉक्टर, इंजेक्शन दिलं होतं की! हे बघा स्टिकर. मग पार्वो झालाच कसा?” स्टिकर खराच असतो. बाटलीवरून सोलून चिकटवलेला, बॅच नंबरसकट. शेजारची तारीख वाचली की कळते, तेव्हा पिल्लू जेमतेम चाळीस दिवसांचे होते. त्याखालचे रकाने कोरे.

आजींना द्यायचे उत्तर चिकात आहे. खरवसाच्या वड्या आवडीने खाणाऱ्या पेठेला चीक म्हणजे काय ते सांगायला नको. कुत्रीच्या पिल्लाला गर्भात असताना आईकडून फार थोड्या अँटिबॉडी मिळतात. बाकीचा सगळा साठा जन्मल्यावर पहिल्या चिकातून येतो, आणि तो आतड्यातून रक्तात उतरतो पहिल्या दिवसातच. त्यानंतर ती वाट बंद होते. या उसन्या अँटिबॉडी पिल्लाला रोगापासून वाचवतात. पण लसीतला विषाणूही त्यांना परकाच वाटतो, त्यालाही त्या निकामी करतात. साधारण नऊ-दहा दिवसांत त्यांचे प्रमाण निम्म्यावर येते, मग आणखी निम्म्यावर. या उतरणीवर एक टप्पा असा येतो, की रोगाला अडवण्याइतक्या त्या उरलेल्या नसतात आणि लसीला अडवण्याइतक्या मात्र असतात. पार्वो नेमका तेव्हा घुसतो.

हा टप्पा कोणत्या पिल्लाच्या कोणत्या आठवड्यात येईल, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने क्रम आखून दिला आहे: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, दर दोन ते चार आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. सगळ्यांत मोलाचा डोस हा शेवटचा, आणि पालक विसरतात तो हाच. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे. तरी महिन्याचे पिल्लू पिशवीतून घरी येतेच. आईचा लसीचा इतिहास विचारायची सवय आपणच लावली पाहिजे.

आता नाण्याची दुसरी बाजू. डिस्टेंपर, पार्वो आणि अ‍ॅडिनोव्हायरस यांच्याविरुद्ध प्रौढ कुत्र्याची प्रतिकारशक्ती नीट तयार झाली, की वर्षानुवर्षे टिकते. म्हणून या लसी तीन वर्षांच्या आत पुन्हा देऊ नयेत, असे तीच संघटना सांगते. शंका असेल तर रक्त तपासून टायटर, म्हणजे अँटिबॉडीचे प्रमाण, पाहावा. टायटर चांगला आला, तर कुत्रा सुरक्षित आहे. कमी आला म्हणून मात्र तो उघडा पडला असे म्हणता येत नाही, कारण स्मृतिपेशी त्या चाचणीत दिसत नाहीत. लेप्टोस्पायरोसिसची गोष्ट निराळी. तिथे टायटरवरून संरक्षणाचा अंदाज येत नाही आणि लस दरवर्षीच लागते.

रेबीजचा टायटर आपल्याला भेटतो तो परदेशी निघालेल्या कुटुंबांमुळे. कुत्र्याला जर्मनीला न्यायचे, तर आधी मायक्रोचिप, मग लस, किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना, त्यात मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक, आणि नमुन्यानंतर तीन महिने थांबणे. हा हिशेब तिकीट काढून झाल्यावर विचारायला येणारे कमी नाहीत.

पण रेबीज म्हणजे फक्त प्रवासाची कागदपत्रे नव्हेत. चावल्यावर विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि त्या वाटेने मेंदू गाठतो. अँटिबॉडीने त्याला गाठायचे ते मज्जातंतूत शिरण्यापूर्वी. म्हणून जखम लगेच साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि खोल जखमेभोवती तयार अँटिबॉडी टोचायच्या. चावल्यानंतरच्या लसीची पोटात चौदा इंजेक्शने घेतलेली मंडळी सभागृहात असतील. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती सेंपल लस आता इतिहासजमा झाली. १९६६ साली आपल्या पुण्यात निघालेल्या सिरम इन्स्टिट्यूटने घोड्यांच्या रक्तातल्या प्रतिविषापासून सुरुवात केली. २०१६मध्ये त्याच संस्थेच्या रेबीजविरोधी मोनोक्लोनल अँटिबॉडीला परवानगी मिळाली. याचा पुणेकरांना अभिमान असावा. पण हा उपाय माणसाला कुत्रा चावल्यानंतरचा. तशा अँटिबॉडी लसीमुळे कुत्र्याच्या रक्तात आधीच असतील, तर साखळी तिथेच तुटते, आणि खर्चही कितीतरी कमी.

शेजारच्या गोव्याने ते करून दाखवले. जाळ्या घेऊन पथके गावोगाव फिरली, मोकाट कुत्री पकडून टोचली, खूण करून सोडली, मोबाइलवर नोंद ठेवली. सत्तर टक्के कुत्र्यांना लस, आणि तीही दरवर्षी, कारण जुनी मरतात आणि नवी जन्मतात. २०१८पासून पुढची काही वर्षे तिथे रेबीजने एकाही माणसाच्या मृत्यूची नोंद झाली नाही.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. लसीच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा. दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलेली लस बाटलीत असते, पण तिची प्रतिकारशक्ती होत नाही. सोळा आठवड्यांचा डोस चुकवणाऱ्या पालकांना स्वतः फोन करा. त्यांना हे सगळे मराठीत, घाई न करता समजावा. आणि प्रत्येक दवाखान्याने आपल्या गल्लीतली कुत्री आपली मानून, महापालिकेच्या हातात हात घालून, त्यांना दरवर्षी टोचावे. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३०पर्यंत संपवायचा, असे आपल्या राष्ट्रीय आराखड्यात लिहिले आहे. दिल्लीत लिहिलेले ते वाक्य खरे करायचे काम सदाशिव पेठेतल्या गल्लीत होणार आहे, आणि ते आपल्यालाच करायचे आहे.