खिडकीतील गांधीलमाश्या आणि एक संशोधक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त बसवनगुडी येथे केलेले भाषण)



सरकारी अधिकाऱ्याने कीटकांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही बी. ए. झालेले, विज्ञानातील आमचा अधिकार जिज्ञासू वाचकाचा. परंतु ज्या बसवनगुडीत नॅशनल कॉलेजच्या एच. नरसिंहय्यांनी १९६२ साली बेंगलोर सायन्स फोरम स्थापून सामान्यांना विज्ञानाची दारे उघडली, तेथे हे धाडस क्षम्य ठरावे.

याच शहरातील प्रा. राघवेंद्र गदगकर यांचा जन्म १९५३ चा. सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत असता तेथील खिडक्यांवर त्यांना गांधीलमाश्यांची पोळी दिसली. आपण अशा वेळी धुराची तजवीज करतो. त्यांनी निरीक्षण आरंभिले. पुढे भारतीय विज्ञान संस्थेत १९७९ साली त्यांनी पीएच. डी. मिळविली, ती मात्र रेणवीय जीवशास्त्रात. ती प्रतिष्ठेची वाट सोडून त्यांनी छंदालाच जीवनकार्य केले. पुण्याचे माधव गाडगीळ तेव्हा त्याच संस्थेत होते. गाडगीळांच्या पुढाकाराने १९८३ साली तेथे परिसरविज्ञानाचे केंद्र उभे राहिले आणि गदगकरांचे संशोधन त्या केंद्रात बहरले.

रोपॅलिडिया मार्जिनाटा हे या माशीचे शास्त्रीय नाव. हिच्या पोळ्यात राणी आणि कामकरी दिसावयास सारख्याच. म्हणून प्रत्येकीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन तासन्‌तास नोंदी करावयाच्या, हीच मुख्य साधनसामग्री. त्या नोंदींतून बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या असे तीन वर्ग उघड झाले. आश्चर्य असे की, राणी भांडखोर नव्हे. ती निवांत बसणाऱ्यांपैकी. आपल्या एका ग्रंथीतील स्राव पोळ्यावर पसरून ती आपले अस्तित्व जाणविते.

राणी काढून घेतली की काही मिनिटांत एक कामकरी अतिशय आक्रमक होते, हळूहळू निवळते आणि आठवड्याभरात अंडी घालू लागते. ही वारस कोण, हे आधी अंगलटीवरून वा दराऱ्यावरून निरीक्षकास सांगता येत नाही. मग माश्यांना तरी ते ठाऊक असते काय? गदगकर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पोळ्याच्या मधोमध जाळी लावून राणीला कधी या बाजूस, कधी त्या बाजूस ठेवले. जी खरी वारस, तिला दोन्हीकडच्या माश्यांनी निमूटपणे मानले; कोणी तिच्याशी झगडले नाही. एकीमागून एक राणी काढली तरी पुढची वारस जणू ठरलेलीच असते, हेही पुढे दिसून आले.

या कामाचा ग्रंथ २००१ साली हार्वर्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केला. १९९३ चा भटनागर पुरस्कार आणि २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे परदेशी सहसदस्यत्व, असे सन्मानही त्यांना लाभले.

कीटकांचे नियम माणसांस लावू नयेत, हे आम्ही जाणतो. तथापि संशोधकाच्या चरित्रापासून बोध घेण्यास प्रत्यवाय नाही. खिडकीपाशी रेंगाळणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय होणार, हे तेव्हा कोणास सांगता आले असते? आपण घरापासून दूर आलेली माणसे. नोकरीच्या स्थैर्यासाठी आलो, म्हणून मुलांसाठीही स्थैर्यच शोधतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरून इंजिनियर की डॉक्टर हे ठरवून मोकळे होतो. मुंग्यांची रांग पाहत बसलेल्या मुलीला आपण हाक मारून अभ्यासाला बसवितो. पण तिचा अभ्यास कदाचित तेथेच सुरू झालेला असतो.

मंडळाची पुढची पन्नास वर्षे कोण सांभाळणार, ही चिंता या महोत्सवात अनेकांनी व्यक्त केली. कन्नड सफाईने आणि मराठी अडखळत बोलणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहून ती वाटणे साहजिक आहे. आमची विनंती एवढीच की, वरवरच्या लक्षणांवरून त्यांना बाद करू नये. त्यांना वेळ द्यावा, त्यांच्या छंदांना या सभागृहात जागा द्यावी आणि आपण थोडे निरीक्षण करावे.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय कर्नाटक.