पाणी पिणारं इंजिन



भिलाईच्या पावर हाउस भागात मुंबई-हावडा लोहमार्ग आणि जीई रोड जवळजवळ खेटूनच जातात. दिवसभर मालगाड्या आणि ट्रक. त्यामुळे इथल्या गॅरेजात इंजिन उतरवलेलं दिसलं, की ते ट्रकचं असणार हे ठरलेलं. एका दिवाळीनंतर मात्र ट्रॉलीवर चक्क एक बोट आली. समुद्र इथून शेकडो कोस लांब; पण महानदीवर गंगरेलसारखी मोठी धरणं आहेत, आणि धरण म्हटलं की पर्यटक आणि वेगाच्या बोटी आल्याच. ही बोट कुठल्या पाण्यावरची आणि तिचं इंजिन कुणी बांधलं होतं, ते राहू द्या.

इंजिन आठ सिलिंडरांचं, पेट्रोलचं. नुकतंच बोअर करून, नवे पिस्टन आणि रिंगा टाकून बांधलेलं. मालकांची तक्रार अशी: गॅरेजात घोड्यासारखं उधळतं, पाण्यात धक्क्याजवळ दहा-पंधरा मिनिटं हळू चालवलं की मिस मारायला लागतं, आणि दुसऱ्या दिवशी सुरूच होत नाही. कार्बोरेटर दोनदा बदलून झाला होता. गाडी असो की बोट, काही बिघडलं की पहिला आळ कार्बोरेटरवर.

मी इथल्या पोलाद कारखान्यात देखभाल विभागात होतो. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे त्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना एक खोड लागली. मशीन बिघडलं की पाना उचलण्याआधी नोंदवही उघडायची. हल्ली मी गॅरेजातल्या मिस्त्रींजवळ वही घेऊन बसतो. ते मूळचे वर्ध्याकडचे. बोट पाहून म्हणाले, "भाऊ, हे झिजलेलं इंजिन नाही, बांधलेलं आहे."

यातला फरक मोठा आहे. जुनं इंजिन हळूहळू थकतं, सगळ्या अंगांनी थोडंथोडं. नव्यानं बांधलेल्यातली चूक बहुधा माणसाच्या हाताची असते. प्लगच्या वायरींचा क्रम चुकलेला असतो, टायमिंगची खूण एका दात्यानं सरकलेली असते, टॅपेट फार आवळलेलं असतं. म्हणून आधी विचारायचं, कशाकशाला हात लागला? मालक म्हणाले, सगळ्यालाच. त्यावर मिस्त्री नुसतेच हसले.

प्लग काढले. सहा कोरडे, तपकिरी. मागचे दोन गंजलेले. म्हणजे आत पाणी. जमलेल्या चौघांनी एकमुखानं निकाल दिला: हेड गॅस्केट गेलं. आम्ही कॉम्प्रेशन मोजलं. आठही सिलिंडर दीडशे पौंडांच्या आसपास, आपसातला फरक दहा टक्क्यांच्या आत. दोन शेजारच्या सिलिंडरांमधलं गॅस्केट फुटलं असतं, तर नेमके ते दोघे खाली आले असते.

पुढची चाचणी रेडिओवर सांगण्याजोगी आहे, कारण ती कानानं करतात. पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही वाल बंद, आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची. किती हवा निसटते ते मीटर सांगतं. कुठून निसटते ते कान सांगतो. रबरी नळीचा तुकडा कानाला लावायचा. कार्बोरेटरमध्ये फुसफुस ऐकू आली तर आतला वाल गळतोय, धुराच्या पाइपात आली तर बाहेरचा. तेल ओतायच्या तोंडाशी आली तर रिंगा. थंड करणाऱ्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट. आम्ही आठही सिलिंडर ऐकले. कुठेच काही नाही. तेलही स्वच्छ, पाणी मिसळलं असतं तर ते ताकासारखं दिसलं असतं.

"मंग पाणी आलं कुठून?" मिस्त्री म्हणाले, आणि चहा मागवला.

बोटीचं इंजिन मोटारीच्या इंजिनापेक्षा दोन बाबतींत वेगळं. मोटार उतारावर विसावा घेते. बोटीला उतार नसतो, ती सतत घाट चढत असते. बोटीला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्याचे फेरे दुप्पट करायचे तर ताकद सुमारे आठपट लागते. म्हणून गॅरेजात, पंख्याला पाणी नसताना, इंजिन किती उधळतं यावरून काहीच कळत नाही. दुसरी बाब धुराची. बंद लाकडी-फायबरच्या पोटात तापलेला पाइप आग लावील, म्हणून इंजिन थंड करून आलेलं पाणी धुराच्या पाइपातच सोडतात. आणि गॅरेजात तर हे पाइप काढूनच इंजिन चालवलं होतं! बिघाड ज्या पाण्यात होता, ते पाणीच आम्ही तपासणीतून वगळलं होतं.

ते पाणी पाइपातून उलटं आत येत असेल, तर वालांतूनच; मग संशय वाल उघडणाऱ्या कॅमवर गेला. डायल गेज लावून वालांची उघडझाप अंशांत मोजली. धूर जाणारा वाल बंद व्हायच्या आतच हवेचा वाल उघडतो, आणि थोडा वेळ दोन्ही उघडे राहतात. शर्यतीच्या कॅममध्ये हा वेळ बराच जास्त ठेवतात. वेगात असताना धूर स्वतःच्या जोरानं बाहेर पळतो, फायदाच होतो. पण हळू चालताना आतली ओढ त्याच धुराला माघारी खेचते, आणि त्याच्याबरोबर पाइपातलं पाणी. या इंजिनात असाच कॅम बसवलेला निघाला, रस्त्यावरच्या शर्यतीच्या गाडीसाठी बनवलेला. धक्क्याजवळ उभं राहून इंजिन घोटघोट पाणी पीत होतं. नशीब थोर, की जास्त प्यायलं नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडर भरला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

बांधणाऱ्याचं काम वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. बोअर चोख, रिंगांची फट बरोबर. त्यानं उत्तम इंजिन बांधलं होतं, फक्त ते बोटीसाठी नव्हतं.

साधा, बोटीचा कॅम मागवला. सिलिंडरांत तेल सोडून इंजिन हातानं फिरवून ठेवलं, गंज वाढू नये म्हणून. कॅम बसवून पाइप पुन्हा चढवले आणि बोट पाण्यात सोडली. धक्क्याशी अर्धा तास हळू चालवून प्लग काढले, आठही कोरडे. मी वहीत लिहून घेतलं.

मालक मात्र कान देऊन उभे होते. आधीच्या कॅमनं इंजिन उभ्याउभ्या गडगडायचं, तो आवाज आता गेला होता. पर्यटक त्या आवाजाला भुलून तिकीट काढतात, म्हणाले. तेवढा आवाज परत आणता येईल का?