वर्षाखेरीच्या भेटी आणि आखाड्याची हजेरी



डिसेंबर उजाडला म्हणजे ओसेइबोच्या भेटी, नेंगाजोची पत्रे आणि गावी न्यावयाचे सामान यांच्या धांदलीत मुलांचा, आणि मोठ्यांचाही, ज्यूदो-केंदोचा सराव सर्वांत आधी बुडतो, त्यावर काही तजवीज सांगावी, असे आपल्या चिटणीसांनी निमंत्रणपत्रात लिहिले होते. भेटी कोणाला व का द्यावयाच्या, दोजोत पाऊल टाकताना का वाकावयाचे, हे तोक्योत संसार मांडलेल्या मंडळींना मी सांगण्याचे कारण नाही.

भेटींना मुदत असते, सरावाला ती नसते. सारी ओढाताण येथून सुरू होते. ओसेइबो 20 डिसेंबरच्या सुमारापर्यंत पोचावा लागतो, नेंगाजो 1 जानेवारीस दारी पडावे म्हणून 25 तारखेच्या आत टपालात टाकावे लागते; आजचा सराव उद्यावर ढकलल्याने मात्र कोणी रुष्ट होत नाही. शरीर तेवढे त्याची नोंद ठेवते. दोनतीन आठवड्यांच्या खंडाने बळ फारसे उतरत नाही, पण दम उतरू लागतो, आणि जागरणाने शिणलेला मनुष्य उकेमी घेताना हनुवटी छातीशी आणावयास विसरतो, हे मला अधिक भयावह वाटते. म्हणून सरावाचे दिवस तोडू नका, हवे तर सेन्सेईंच्या परवानगीने वेळ तोडा. पूर्ण वेळ थांबता येत नसेल त्या दिवशी उकेमी आणि उचिकोमी करून परत या, पण हजेरी चुकवू नका.

घरी फराळ करून डबे वाटणाऱ्या भगिनींसाठी एक बारीकशी सूचना आहे. ज्यूदोत बाही आणि गळा तासभर मुठीत धरून ठेवल्यावर बोटांची पेरे इतकी आखडतात की त्याच रात्री चकलीचा सोऱ्या दाबणे म्हणजे हातांवर जुलूम होय. चकली सुटीच्या दिवशी करावी आणि सरावाच्या रात्री, मंद आचेवर बेसन भाजण्यासारखे, बोटांऐवजी धीराचे काम ठेवावे. शंकरपाळे, चिवडा टिकतात, ते महिन्याच्या आरंभीच उरकावेत. ओल्या नारळाचे काही या दिवसांत करूच नये.

आता ज्या गोष्टीने मला येथे विलक्षण आनंद झाला ती सांगतो. आपल्या तालमीत हौद्याची तांबडी माती फावड्याने खणावयाची, तीत ताक, लिंबू, तेल, हळद, कापूर मिसळावयाचा आणि मग लढत धरावयाची, अशी रीत आहे. ही खणाई कोणी चाकरी मानीत नाही, ती मेहनतीतच जमा धरली जाते. येथे वर्षाखेरीच्या केइको-ओसामेनंतर केंदोच्या दोजोत मुले ओले फडके दोन्ही तळहातांखाली धरून, कंबर उंच ठेवून, लाकडी जमिनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत ती पुसून काढतात, तेव्हा मांड्यांना बसणारा ताण पाहून मला तो हौदाच आठवला. गुरूच्या स्थानाची सेवा आणि शिष्याचा व्यायाम येथे निरनिराळे उरतच नाहीत. मुलाने गुरूला द्यावयाची पहिली भेट ही, असे मी मानतो. दुकानातील पेटी तिच्या मागून येऊ द्या.

(येथे एका सद्गृहस्थांनी विचारले की, तालमीतल्या मातीचा गादीवर काही उपयोग होतो काय.) होतो, आणि त्याला थोर दाखला आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढले आणि 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये गादीवरील कुस्तीत कांस्यपदक मिळवून आले. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. प्रश्न गादीचा होता, हे मी जाणतो. पण भेटवस्तूंविषयी बोलताना ही भेट अनुल्लेखित ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. शिष्याच्या मेहनतीत खंड पडू नये म्हणून दिलेली ती भेट होती.

(एका भगिनींनी विचारले की, नाताळच्या सुटीत मुलांना महाराष्ट्रात नेले तर सराव आपोआपच बुडणार, त्याचे काय करावे.) न्यावेच, आजीआजोबांना भेटावयाचे ते याच दिवसांत. मात्र परतीची तिकिटे काढण्यापूर्वी आपल्या दोजोतील कानगेइको कधी आहे ते विचारून घ्या. कानो जिगोरो यांनी 1882 साली स्थापिलेल्या कोदोकानात हा पहाटेचा सराव जानेवारीच्या कडक थंडीत होतो. इतर दोजोंच्या तारखा निराळ्या असू शकतात. त्याच्या आदल्या रात्री विमानातून उतरून पहाटे मुलाला उभे करू नये. दोनतीन दिवस आधी यावे, आणि जाण्यापूर्वी मुलाने स्वतः सेन्सेईंना परतीची तारीख सांगावी. गावी जागा मिळेल तेथे बैठका घालाव्यात; शेजारी तालीम असेल तर वस्तादांना विचारून हौदा खणू लागावे.