गाण्याचा क्लास आणि घरंदाज मुली

(नाशिक येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाण्याच्या बाईंना कार्यक्रमाला बोलावतात ते सुरुवातीला स्वागतगीत आणि शेवटी पसायदान म्हणायला. मधली भाषणं इतरांची. आज तुम्ही मला मधल्या जागेत बसवलंत, तर मी गाणार नाही, बोलणार आहे. तीस वर्षं मी या गावात घरच्या माजघरात क्लास घेते आहे. आपल्या मुली गाणं शिकायला लागल्या कशा, आणि त्यांच्यासाठी दार उघडताना ते कोणावर लावलं गेलं, हा माझा विषय.

गोष्ट आपल्या नाशिकशीही जोडलेली आहे. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे, शिकले मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९०८ मध्ये मुंबईला काढलं. तिथे मोठी इमारत बांधली, कर्ज झालं, इमारत लिलावात गेली. उतारवयात ते नाशिकला आले आणि १९२२ च्या सुमारास इथे रामनाम आधार आश्रम उभा केला. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेला ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार, या ज्या परीक्षांच्या फॉर्मवर तुमच्यातल्या कितीतरी आयांनी सह्या केल्या आहेत, त्या याच मंडळाच्या.

आता, या विद्यालयानं नवं काय केलं? राजाश्रय सोडून लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर शाळा चालवली, असं पुस्तकात असतं. ते खरंच आहे. पण बाईच्या बाजूनं बघा. त्याआधी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पाय चेपायचे, आणि उस्तादांची लहर लागेल तेव्हा दोन ताना पदरात पडायच्या. असं दहा-बारा वर्षं. कुठल्या घरानं मुलीला पाठवलं असतं? विद्यालयानं गाण्याला वेळापत्रक दिलं. चार ते पाच वर्ग, महिन्याची फी, फळा, स्वरलिपी, छापील पुस्तक. दिवेलागणीच्या आत मुलगी घरी. एका तासाचा वर्ग ही आपल्याला आज फार किरकोळ गोष्ट वाटते. पण बापाच्या तोंडून 'जा' निघालं ते या एका तासामुळे. पुस्तकात सुरावट लिहिलेली असली की गुरुजी गावात नसले तरी पेटीवर बोट ठेवून शोधता येते. माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायका अशाच शिकल्या.

पलुसकरांनी बायकांसाठी वेगळे वर्ग चालवले, 'महिला संगीत' या नावानं पुस्तकं काढली. हे त्या काळात थोडं नव्हतं. मात्र त्याच विद्यालयात एक उपदेशक वर्ग होता. मुलगे तिथेच राहायचे, जेवायचे, वर्षानुवर्षं शिकायचे आणि पुढे गावोगाव जाऊन शाळा काढायचे. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास ही सगळी पलुसकरांनी अशी घडवलेली माणसं. मुलगे गवई होणार, संस्था काढणार. बायका भजनं शिकणार, घरात म्हणणार. ही विभागणी कोणी दुष्टपणानं केली असं मी म्हणत नाही. ती सगळ्यांना इतकी स्वाभाविक वाटली की कोणाला ती दिसलीच नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. गाणं घरंदाज मुलींना चालावं म्हणून ते 'शुद्ध' करायचं ठरलं. बंदिशींतला शृंगार काढून भक्ती घातली. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे गाणं गळ्यात जपलं, त्या नायकिणी, कलावंतिणी, तवायफ यांच्यापासून ते सोडवलं गेलं. जणू गाणं त्यांच्याकडे चुकून राहिलं होतं! गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजार घराण्याच्या. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेली ती पहिली बाई. गंगूबाई हनगल अकरा वर्षांच्या असताना १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये स्वागतगीत गायल्या. गांधीजी समोर बसलेले. आणि या पोरीच्या मनात धास्ती कसली, तर जेवणं झाल्यावर आपल्याला उष्टी पानं उचलायला सांगतील का. आपल्या जातीला काय सांगितलं जातं हे तिला त्या वयात ठाऊक होतं. १९४६ नंतर रेडिओनंही ज्यांचं खाजगी आयुष्य लोकापवादाचं अशा बायकांना बंदी केली. त्यांच्या घरी जाणाऱ्या पुरुषांना मात्र कोणी रेडिओ ऐकायची बंदी केली नाही!

तरी चित्र अगदी काळं-पांढरं नाही. हिराबाई बडोदेकर अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलगी. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या जाहीर गाण्यांतलं एक मुंबईला पलुसकरांच्याच विद्यालयात झालं. पुढे त्यांनी तिकीट लावून जलसे केले. पदर सावरून, हातवारे न करता, पुरुष गवयासारख्या बैठकीत बसून गायल्या. लोक म्हणतात, हिराबाईंनी गाण्याला प्रतिष्ठा दिली. मला विचाराल तर गाण्याला प्रतिष्ठा होतीच, गाणाऱ्या बाईला नव्हती. ती मिळवताना किती जपून बसावं लागलं, ते त्यांच्या फोटोंकडे पाहिलं की कळतं.

जातीचा मुद्दा निघाला म्हणून नाशिकचंच सांगते. इथल्या आश्रमात रामनामाचा गजर चालू होता, आणि २ मार्च १९३० ला याच गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. काही वर्षं तो चालला, दार उघडलं नाही. सर्वांसाठी म्हणून जे संगीत खुलं झालं, त्याच्या वर्गात प्रत्यक्षात कोण बसलं याचा हिशेब आपण कधी मांडला नाही. माझ्या क्लासमध्येसुद्धा पहिली पंधरा वर्षं आडनावं वाचली तर गल्ली कळेल अशी स्थिती होती. लावणी गाणाऱ्या बाईचा गळा तर आजही आमच्या लेखी 'शास्त्रोक्त' नाही.

मग त्या घरंदाज मुलीचं काय झालं? तिला प्रमाणपत्र मिळालं. आणि ते पत्रिकेला जोडलं गेलं. 'मुलगी गृहकृत्यदक्ष, गाण्याच्या परीक्षा झालेली.' दाखवण्याच्या कार्यक्रमात पोहे आणि एक भजन. लग्नानंतर तंबोरा माळ्यावर. माझ्या किती मुली मध्यमा पूर्ण करून गेल्या आणि विशारदचा फॉर्म भरायला आल्याच नाहीत, त्याची यादी माझ्या हजेरीच्या वह्यांत आहे. एकीच्या सासूबाई मला देवळात भेटल्या, कौतुकानं म्हणाल्या, "आमची सून गाते हो, गणपतीत आरत्या तिच्याच!" मी काय बोलणार? पण सांगते, आता चाळिशी ओलांडलेल्या बायका परत येतात. मुलं मोठी झाली की येतात. आवाज बसलेला असतो, दम पुरत नाही. तरी षड्ज लावताना त्या जो वेळ घेतात, तो अकरा वर्षांच्या मुली घेत नाहीत.

आणि शिकवणाऱ्या बायका? पंडितांच्या नावानं विद्यालयं, रस्ते, सभागृहं झाली. पण आज मुलामुलींना पहिला 'सा' देणारी बहुतेक ठिकाणी एक बाईच असते, आपल्याच घरात, कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये. तिला कोणी संस्था म्हणत नाही. परीक्षेला शास्त्राच्या पेपरात गायकांची चरित्रं पाठ करावी लागतात. मी त्यांच्या जोडीला अंजनीबाईंचं, हिराबाईंचं, मोगूबाई कुर्डीकरांचं लिहून देते. मुली विचारतात, "बाई, हे परीक्षेला येणारे का?" मी म्हणते, येवो न येवो, वहीत हवं.

म्हणून एक सुचवते. पंचवटीत, जुन्या नाशकात, नाशिकरोडला, देवळालीत ज्या ज्या बायकांनी घरी गाणं, पेटी, सतार शिकवली, त्यांची नावं आपल्या गटानं गोळा करायला घ्यावीत. कोणाकडे शिकल्या, किती फी घेत, गाणं कधी थांबलं, का थांबलं, सगळं. लावणी आणि भजनी मंडळातल्या बायकाही त्यात धरा. मी एक दोनशे पानी वही घेऊन आले आहे. पहिल्या पानावर माझ्या बाईंचं नाव लिहिलंय. चहाच्या वेळी ती फिरवू या.