‘मी काल आलो आहे’ : इंग्रजांचा पूर्ण वर्तमानकाळ आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बूढापारा, रायपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी व्याकरणावर बोलावयास उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत काढा वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. शिवाय मी भाषापंडित नव्हे. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि गेली तीसएक वर्षे इंग्रजी टिपणे व मसुदे लिहिण्यात घालवली. त्या कामात एका लहानशा गोष्टीने मला आरंभापासून छळले. तिच्याविषयी चार शब्द बोलण्याची परवानगी मागतो.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक मसुदा लिहिला होता. त्यात ‘युअर लेटर हॅज बीन रिसीव्ह्ड ऑन द ट्वेल्फ्थ’ असे वाक्य होते. माझ्या वरिष्ठांनी लाल पेन्सिलीने ‘हॅज बीन’ खोडले, वर ‘वॉज’ लिहिले आणि म्हणाले, “तारीख आली की हॅज जातो, एवढे लक्षात ठेवा.” मी ते लक्षात ठेवले. पण का जातो, हे त्यांनी सांगितले नाही आणि मलाही विचारण्याचा धीर झाला नाही. पुढे कित्येक वर्षे हा नियम मी सरकारी परिपत्रकासारखा पाळला, म्हणजे अर्थ न विचारता.

वस्तुतः माझी चूक अज्ञानाची नव्हती. ती माझ्या मातृभाषेने मला करावयास लावली होती. आपण घरी काय म्हणतो पाहा. ‘दादा परवाच पुण्याहून आले आहेत.’ किती सरळ वाक्य! दादा केव्हा आले हेही त्यात आहे आणि ते अद्याप येथेच आहेत, भेटावयाचे असेल तर या, हेही त्यात आहे. ‘मी काल आलो’ आणि ‘मी काल आलो आहे’ यांतील भेद आपले पाच वर्षांचे मूलही जाणते. पहिल्यात नुसती हकीकत आहे, दुसऱ्यात हकीकत सांगणारा समोर उभा आहे. हेच वाक्य इंग्रजीत शब्दशः नेले, ‘आय हॅव कम येस्टरडे’ असे म्हटले, की इंग्रजाच्या कानाला खडा लागतो. त्याच्या भाषेत ‘येस्टरडे’ आणि ‘हॅव’ एका पंगतीला बसत नाहीत.

मग फरक कोठे आहे? मला उमगला तो असा. क्रियेचा परिणाम अजून शिल्लक आहे का, हे मराठी पाहते. शिल्लक असेल तर ‘आहे’ लावा, मग घटना काल घडलेली असो की गेल्या वर्षी. इंग्रजीलाही परिणामाशी कर्तव्य आहेच, परंतु ती त्याआधी आणखी एक गोष्ट पाहते. वाक्यात जो काळ सांगितला तो संपला की अजून चालू आहे? काल संपला, गेले वर्ष संपले, बारा तारीख संपली. त्या दारांना कुलूप लागले आणि तेथे ‘हॅव’ला प्रवेश नाही. आज, या आठवड्यात, या वर्षी, आजवर, ही दारे उघडी आहेत. तेथे तो सुखाने नांदतो.

याचे मासलेवाईक उदाहरण म्हणजे ‘धिस मॉर्निंग’. सकाळी दहा वाजता साहेब विचारील, ‘हॅव यू सीन हिम धिस मॉर्निंग?’ कारण सकाळ अजून सरलेली नाही. तोच प्रश्न दुपारी चार वाजता विचारावयाचा झाला तर तो ‘डिड यू सी हिम धिस मॉर्निंग?’ असे म्हणेल. शब्द तेच, माणूस तोच, केवळ घड्याळ पुढे सरकले आणि क्रियापद बदलले. मला तर हे वाचले तेव्हा हसूच आले. पण हसण्यापूर्वी आपण आपल्या पूर्वजांकडे पाहावे. संस्कृत शिकताना लङ् आणि लुङ् या लकारांनी ज्यांना रडवले असेल त्यांना ‘अनद्यतन’ हा शब्द आठवेल. आजचा नव्हे असा भूतकाळ, त्याच्यासाठी पाणिनींनी वेगळी योजना सांगितली आहे. पुढील संस्कृत वाङ्मयात हा भेद पुसट झाला, ही गोष्ट निराळी. सतराव्या शतकातील फ्रेंच व्याकरणकारांनीही अशीच एका दिवसाची मर्यादा घातली होती, ती आज फ्रेंच लोक पाळीत नाहीत. आज फ्रेंच आणि जर्मन माणूस आपल्या भाषेत ‘काल’बरोबर ‘हॅव’च्या जातीचे रूप खुशाल वापरतो. तेव्हा ‘काल आलो आहे’ म्हणणारे आपण जगात एकटे नाही. आपले हिंदीभाषी शेजारीही ‘कल आया हूँ’ म्हणतातच. हट्ट आहे तो इंग्रजीचा.

आपला घोटाळा आणखी वाढला तो शाळेत. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपल्या थोर ग्रंथात मराठीचा स्वतंत्रपणे विचार केला. परंतु शाळेच्या फळ्यावर राहिले ते कोष्टकच : इकडे ‘पूर्ण वर्तमानकाळ’, तिकडे ‘प्रेझेंट परफेक्ट’, मध्ये बरोबरचे चिन्ह. नावे जुळली म्हणून स्वभावही जुळत असेल असे आपण धरून चाललो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर ज्यांचे इंग्रजी पोसले, त्या माझ्या वडिलांच्या पिढीने हा भेद घोकून घोकून अंगवळणी पाडला. आमच्या पिढीने घोकणे सोडले आणि भेदही सोडला.

कोष्टक कोठे फसते याचा घरगुती दाखला देतो. ‘बाळ झोपले आहे’ हा आपला पूर्ण वर्तमानकाळ. पण याचा अर्थ बाळ या क्षणी झोपेत आहे, हळू बोला. ‘द बेबी हॅज स्लेप्ट’ म्हटले की इंग्रज समजतो, बाळाची झोप झाली, आता ते उठले असेल. ‘बसला आहे’, ‘निजला आहे’, ‘रुसला आहे’ ही सारी रूपे आपल्याकडे चालू स्थिती सांगतात. इंग्रजीत त्यांना ‘इज’ लागते.

‘अजून’ या शब्दाचा तर स्वतंत्र प्रबंध होईल. ‘तो अजून आला नाही’ येथे इंग्रज ‘येट’ म्हणतो, ‘तो अजून झोपला आहे’ येथे ‘स्टिल’, आणि ‘अजून एक पोळी घ्या’ येथे ‘वन मोअर’. आपण एका शब्दात भागवतो, त्याला तीन लागतात. अमेरिकेतील मंडळी याबाबतीत काहीशी सैल आहेत. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्याबरोबर ती साधा भूतकाळ बिनदिक्कत वापरतात. ‘डिड यू ईट येट?’ हे तेथे कानाला खटकत नाही. आपली मुले-नातवंडे तिकडून आली की आपण त्यांचे इंग्रजी सुधारू लागतो, तेव्हा एवढे ध्यानात असू द्यावे.

परंतु एका बाबतीत अमेरिकनही सैल नाही, आणि आपला माणूस नेमका तेथेच घसरतो. ‘मी दहा वर्षांपासून रायपुरात राहतो.’ आपले ‘पासून’ आणि हिंदीचे ‘से’ दोन्ही कामे करतात : ‘१९९० पासून’ म्हणा की ‘दहा वर्षांपासून’. म्हणून आपण सहज म्हणतो, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’. एका वाक्यात दोन चुका. आरंभबिंदू असेल तर ‘सिन्स’, मुदत असेल तर ‘फॉर’, आणि क्रियापद ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’. तेथे ‘हॅव’ गाळून नुसते ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हटले की अर्थच पालटतो. राहत होतो, आता राहत नाही.

हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नव्हे. आमच्या नात्यातील एका तरुणाने परदेशी नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क्ड इन धिस फर्म फॉर सिक्स इयर्स’ असे लिहिले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, “ती नोकरी का सोडलीत? आणि तेव्हापासून काय करता?” मुलगा गांगरला. तो त्याच नोकरीत होता, त्या सकाळी रजा टाकून मुलाखतीस बसला होता! पुढची उत्तरेही अडखळत गेली. नोकरी केवळ एका ‘हॅव’पायी गेली असे मी म्हणणार नाही, तेथे अन्य उमेदवारही होते. पण सहा वर्षांची सलग नोकरी कागदावर तुटलेली दिसली, हे खरे.

आता आपल्या या मोहल्ल्याकडे वळतो. बालपणी नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ साली कुटुंबीयांसह रायपुरास आले आणि येथे सुमारे दोन वर्षे राहिले. बूढा तलावाला आज त्यांचे नाव आहे. त्यांच्याविषयी ‘विवेकानंद हॅज लिव्ह्ड इन रायपूर’ असे इंग्रज लिहिणार नाही. ते हयात नाहीत, त्यांचा हिशेब मिटला, तेथे ‘लिव्ह्ड’ हवे. परंतु ‘मेनी ग्रेट मेन हॅव लिव्ह्ड इन रायपूर’ हे वाक्य निर्दोष आहे. त्यातील एकही पुरुष हयात नसला तरी चालते, कारण विषय रायपूर आहे, रायपूर आहे तेथेच आहे आणि यादी अजून मिटलेली नाही. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर माधवराव सप्रे यांनी केले. सप्रे १९२६ साली याच शहरात वारले. ‘सप्रे हॅज ट्रान्स्लेटेड’ म्हणता येत नाही, पण ‘गीतारहस्य हॅज बीन ट्रान्स्लेटेड इन्टू हिंदी’ म्हणता येते, कारण ग्रंथ जिवंत आहे. मराठी घरातल्या त्या माणसाने सारी हयात हिंदीची सेवा केली. त्याच्या ग्रंथाला जे रूप मिळते ते त्याला मिळत नाही.

हे मला पुस्तकातून कळले होते. ते मनाला भिडले वेगळ्या रीतीने. माझी आई १९६४ साली लग्न होऊन बूढापाऱ्यात आली. माझ्या पुतण्याची बायको अमेरिकन आहे. २०१९ साली लेकीच्या शाळेसाठी तिने पणजीवर एक परिच्छेद लिहून आम्हाला तपासावयास पाठवला. त्यात ‘शी हॅज लिव्ह्ड इन बूढापारा फॉर फिफ्टी-फाइव्ह इयर्स’ असे वाक्य होते. मी तपासून ‘बरोबर आहे’ असे कळवणार, तेवढ्यात आई आजारी पडली आणि आठवड्याच्या आत गेली. पुढे तो परिच्छेद पुन्हा आला. बाकी सारे होते तसेच होते, फक्त ‘हॅज’ तेथे नव्हता. त्या मुलीने कोणतेही कोष्टक न पाहता तो काढला होता. मी लाल पेन्सिल हाती घेतली नाही.

त्या दिवसांत मला आपल्या भाषेचीही एक गोष्ट प्रथमच जाणवली. आपण ‘आई गेली’ म्हणतो. ‘आई गेली आहे’ म्हटले की ऐकणारा विचारतो, कोठे? देवळात की बाजारात? येथे आपलेही ‘आहे’ तितकेच काटेकोर आहे. आमच्या शेजारच्या वृद्ध काकूंना अलीकडे फारसे आठवत नाही. त्या ओट्यावर बसून मला आजही विचारतात, “वहिनी कुठे गेल्या आहेत रे?” मी सांगतो, “तलावाकडे गेली आहे, काकू.”