मुक्त झालेल्यांचे काय करायचे?



महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली निघाला. तो त्यांनी अर्पण केला अमेरिकेतल्या भल्या लोकांना, काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी ते झटले म्हणून. शिक्षक बंधुभगिनींना हे ठाऊक आहेच. पण त्या अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने चालू होती तेव्हाही काही काळी माणसे गुलाम नव्हती. १८६० च्या शिरगणतीत एकट्या गुलामगिरीच्या राज्यांतून अशी सुमारे २ लाख ६० हजार माणसे भरली. कुणाला धन्याने मृत्युपत्रात मोकळे केले होते, कुणी पैपैसा साठवून स्वतःलाच विकत घेतले होते, कुणी मुक्त आईच्या पोटी जन्मले होते.

मळेवाल्यांच्या डोळ्यांत हा माणूस सलत असे. त्यांचे म्हणणे काय, तर काळा माणूस मोकळा सोडला की उपाशी मरेल. आणि इथे तर काळा लोहार स्वतःचा भाता चालवतोय, घर बांधतोय! मळ्यात राबणारा गुलाम ते बघत होताच की. मग कायदे आले. व्हर्जिनिया राज्याने १८०६ मध्ये ठरवले, की यापुढे ज्याला मुक्ती मिळेल त्याने बारा महिन्यांत राज्य सोडावे. न सोडले, तर त्याला धरून विकता येईल. आता असे पाहा : नवरा सुटला, बायको-मुले अजून धन्याच्या मालकीची. हा जाणार कुठे? पुष्कळांनी विधिमंडळाकडे अर्ज केले, आम्हांला इथेच राहू द्या म्हणून. त्यांतल्या कित्येक अर्जांवर गोऱ्या शेजाऱ्यांच्याही सह्या असत, हे सांगितले पाहिजे. १८५६ मध्ये मात्र या राज्याने मुक्त माणसाला आपखुशीने पुन्हा गुलाम होण्याची सोय करून दिली. धन्य ती सोय!

दुसरा पक्ष सभ्य गृहस्थांचा. १८१६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनला ‘अमेरिकन कॉलोनायझेशन सोसायटी’ निघाली. हेन्री क्ले यांच्यासारखे मोठे पुढारी तिच्यात होते. बेत असा, की मुक्त काळ्यांना जहाजांतून आफ्रिकेत नेऊन वसवायचे. गुलामगिरी हळूहळू संपावी असे मनापासून वाटणारे लोक तिच्यात होते, आणि हे मुक्त लोक एकदा गेले म्हणजे आपले गुलाम निर्धास्तपणे राखता येतील, असा हिशेब करणारे मळेवालेही होते. एकाच गाडीला दोन तोंडांनी जुंपलेले बैल! लायबेरिया देश उभा राहिला तो यातून. तिथे गेलेले कितीतरी लोक तापाने दगावले.

ज्यांना पाठवायचे त्यांना मात्र कुणी विचारले नव्हते. उत्तरेत फिलाडेल्फिया शहरी जानेवारी १८१७ मध्ये सुमारे तीन हजार काळी माणसे बेथेल चर्चमध्ये जमली. पुढे होता जेम्स फोर्टन. जहाजांची शिडे शिवण्याचा त्याचा मोठा कारखाना. पोरवयात अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी तो लढाऊ जहाजावर गेला आणि इंग्रजांच्या कैदेत पडला. गंमत अशी, की आफ्रिकेत जावे असे खुद्द त्याच्या मनात घोळत होते. पण योजनेला कोण अनुकूल, असे सभेला विचारले तर एक आवाज उठला नाही. विरुद्ध कोण, म्हणताच असा घोष झाला, की इमारतीच्या भिंती कोसळतात की काय असे त्याला वाटले. त्याने आपले मत बाजूला ठेवले. सभेने ठराव केला : या देशाची राने प्रथम कसली ती आमच्या पूर्वजांनी, इथल्या मातीवर आमचा हक्क आहे, आणि गुलामीत असलेल्या भावंडांना सोडून आम्ही आपणहून जाणार नाही.

फोर्टन १८४२ मध्ये वारला. पुढे १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की काळा माणूस, गुलाम असो वा मुक्त, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. १८५९ मध्ये आर्कान्सा राज्याने कायदा केला, की १ जानेवारी १८६० पूर्वी मुक्त काळ्यांनी राज्य सोडावे, नाहीतर विक्रीला उभे राहावे. बहुतेकांनी घरदार, जमीन टाकून वाट धरली. जो त्या देशात जन्मला तो तिथला नागरिक, हे घटनेत लिहिले गेले ते यादवी युद्ध होऊन गेल्यावर, १८६८ साली.