अंकांची पहिली ओळख
(व्याख्यानाचे शब्दांकन)



भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना जवळ बसवून विद्यादान केले, अशी कथा जैन परंपरेत सांगितली जाते. ब्राह्मीला उजव्या हाताने लिपी शिकवली आणि सुंदरीला डाव्या हाताने अंक. एकक, दशक, शतक ही स्थाने उजवीकडून डावीकडे वाढत जातात, याचा संबंध परंपरेने त्या डाव्या हाताशी जोडला आहे. पुढे इ. स. 850 च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या आश्रयाने महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. असा वारसा सांगणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या हिशेबावर जगलेल्या समाजातही पाच-सहा वर्षांच्या मुलाला अंक शिकवताना फार घाई केली जाते. पाहुण्यांपुढे मुलाला उभे करून शंभरापर्यंत म्हणावयास लावणे, ही त्या घाईची सर्वांना परिचित अशी खूण होय.

वेल्ह्याचे उदाहरण घेऊ. तोरण्याच्या पायथ्याच्या या कानद मावळात मूल जून महिन्यात शाळेत येते, तेव्हा बाहेर भातशेतीची धांदल असते. त्याला अंक लिहिता येत नसतील, परंतु गणित त्याच्याजवळ असतेच. गोठ्यात परतलेल्या शेळ्यांत एक कमी आहे, हे ते पाहताक्षणी ओळखते. माणसे चार आणि भाकऱ्या तीन असतील तर कोणाची भाकरी राहिली, हे ते बरोबर सांगते. आवणात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात रोपांची एकेक मूठ टाकणे, ही तर एकास एक संगतीच आहे. गजगे आणि चिंचोके खेळताना एकी-बेकी त्याच्या मुठीत बसलेली असते. शाळेने हे भांडवल हिशेबात धरले नाही आणि पहिल्याच आठवड्यात पाटीवर 1 गिरवावयास दिला, तर मुलाची समजूत अशी होते की गणित म्हणजे वळणदार रेघा काढणे.

मोजता येणे आणि संख्या म्हणता येणे यांत अंतर आहे. ते तपासण्याची रीत सोपी आहे. मुलासमोर सात चिंचोके ठेवावेत आणि मोजावयास सांगावे. ते बोट ठेवून सातपर्यंत येते. लगेच विचारावे, ‘मग किती झाले?’ पुष्कळ मुले उत्तर देण्याऐवजी पुन्हा एकपासून मोजू लागतात. शेवटी उच्चारलेला ‘सात’ हा त्या साऱ्या चिंचोक्यांचा मिळून आहे, केवळ शेवटच्या चिंचोक्याचे नाव नव्हे, ही समज अद्याप आलेली नसते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1941 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याहून पुढची गोष्ट मांडली. समोरासमोर मांडलेल्या दोन सारख्या रांगांपैकी एक रांग थोडी पसरली, की लहान मूल तीत वस्तू जास्त आहेत असे सांगते. मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारल्यामुळेही मूल उत्तर बदलते, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ‘नीट बघ, किती?’ असे दरडावून विचारले, की बरोबर उत्तरसुद्धा मूल मागे घेते.

यानंतरचा घाट मराठी संख्यानामांचा. ‘पंचवीस’ म्हणताना कानावर आधी पाच येतो, नंतर वीस; लिहावयाचे मात्र आधी 2. म्हणून मूल 52 लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहावे लागतात 29; कानावर विश्वास ठेवणारे मूल 39 लिहून मोकळे होते. एकोणनव्वदपर्यंत हा ‘एकोण’ नेमाने येतो आणि नव्याण्णवला मात्र आपला नेम मोडतो! त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव यांतील जोडाक्षरे वेगळीच. ही चूक मुलाच्या बुद्धीची मानली जाते, वस्तुतः ते भाषेशी प्रामाणिक राहिलेले असते.

2019 मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीसपासून पुढील संख्यांसाठी रूढ नावाबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. गणित विषय समितीच्या अध्यक्षा, थोर गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर (निधन 2023) यांनी या बदलाची बाजू शांतपणे मांडली. कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत आधी वीस आणि मग एक असाच क्रम असल्याने बोलणे आणि लिहिणे यांचा मेळ बसतो. भाषा विद्रूप होईल, ही विरोधकांची भीती अगदीच निराधार नव्हती. बाजारात बावीस रुपये ‘बावीस’च राहणार. परंतु थट्टेच्या गदारोळात सहा-सात वर्षांच्या मुलाची अडचण कोणी ऐकून घेतली नाही, ही खेदाची बाब आहे. ‘वीस दोन’ ही पायरी आहे. तिच्यावरून चढून मूल ‘बावीस’ला पोहोचले तर मराठीचे काहीच उणे होत नाही.

ही पायरी हाताने बांधता येते. वेल्ह्याच्या डोंगरउतारावर कारवी मुबलक. तिच्या वाळक्या काड्या एका मापाने तोडाव्यात. दहा काड्या झाल्या की दोऱ्याने जुडी बांधावी. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या मुलापुढे ठेवल्या, की 25 मधील 2 म्हणजे दोन जुड्या हे डोळ्यांना दिसते. जुडी सोडून पुन्हा सुट्या करता आल्या, तर दुसरीतील हातच्याची वजाबाकी अर्धी शिकून झाली. एका खोलीत अनेक इयत्ता बसतात अशा लहान शाळेत तिसरीचे मूल पहिलीच्या मुलाला जुडी बांधावयास शिकवते. दुर्गम शाळेची ही अडचण इथे उपयोगी पडते.

हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साथीने बालवाडी सुरू केली आणि 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी परदेशी साधने गरीब वस्तीत परवडणारी नव्हती; म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया यांचीच साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. केंद्र शासनाच्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2021 मध्ये तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यावे, यासाठी 2026-27 हे लक्ष्यवर्ष ठरवले. परिपत्रक वाडीवर पोहोचते. काड्यांची जुडी मात्र कोणीतरी बसून बांधावी लागते.

राहिला घरचा वाटा, आणि इथे व्यापारी कुटुंबांजवळ मोठी सामग्री आहे. पूर्वी धान्य मापाने दिले जाई. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. ही मापे अनेक घरांच्या माळ्यावर आजही धूळ खात पडली असतील. ती खाली काढून मुलाला तांदूळ भरू द्यावेत, ओतू द्यावेत. दुप्पट आणि निमपट यांचा अर्थ हाताला कळतो. दुकानात गल्ल्याशेजारी बसवून दहाच्या नोटेचे सुटे काढू द्यावेत: दोन पाचची नाणी, पाच दोनची, किंवा एक पाचचे, दोन दोनची आणि एक रुपया. मोबाईलवर पैसे चुकते होऊ लागल्यापासून मुलांच्या हाती नाणी क्वचितच येतात, म्हणून हे मुद्दाम करावे लागेल. आणि सुटे देताना चुकले, तर आजोबांनी हात पुढे न करता मुलाला पुन्हा मोजू द्यावे. गिऱ्हाईक घटकाभर थांबेल.